घटासमोरची गोळी

माझ्या बहिणीला झटके कधी येतात, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भूकंपाच्या दिवसांत.

भूकंप झाला तेव्हा ती तिसरीत होती. गणपती बुडवून माणसं झोपली होती. उजाडायच्या आधी जमीन हलली आणि दगड-मातीची भिंत तिच्यावर आली. तिला काढली तेव्हा डोकं फुटलेलं होतं, पण श्वास चालू होता. शेजारची, तिच्याच वर्गातली मुलगी निघाली नाही. बहिणीला काढत असताना आईनं तुळजापूरच्या देवीला नवस बोलला : लेकरू जगलं तर जन्मभर नवरात्राचे नऊ दिवस धान्य तोंडात घालणार नाही.

लेकरू जगलं. पुढच्या उन्हाळ्यात तिला पहिला झटका आला. गावातल्या डॉक्टरांनी रोज संध्याकाळी घ्यायची एक बारीक पांढरी गोळी दिली. झटके थांबले, आणि दसऱ्याला पुन्हा आला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. भूकंप आणि दसरा यांत महिन्याभराचंही अंतर नसतं, म्हणून सगळ्यांना कारण सापडलं. ‘त्या वक्ताची भीती अंगात बसलीय, ते दिवस आले की वर येती,’ असं माणसं म्हणायची. डॉक्टरही मान हलवायचे. मीही तेच मानत होतो.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. वडील चौथी शिकलेले, आई शाळेत गेलेली नाही. लातूरला बारावी करून मी नांदेडला बी.फार्म.ला लागलो, तेव्हा वडील सगळ्या गावाला सांगत होते की पोरगा औषधाचं शिकून राहिला. ज्या काळात गावाकडची पोरं आठवीनंतर शेतात जायची, त्या काळात त्यांनी मला दोन शहरांत शिकवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा बहीण दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि लातूरला अकरावी सायन्सला आली. त्या वर्षांत लातूर बदलून गेलं होतं. घराघरावर पत्र्याच्या खोल्या चढल्या होत्या. चौकाचौकांत क्लासचे बोर्ड, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. पहाटे पाचला सायकली निघायच्या. ज्या गावांतली घरं पडली होती, त्या गावांतली पोरं आता या पत्र्याखाली बसून डॉक्टर व्हायला निघाली होती. त्यांच्या आया त्यांच्यासोबत येऊन राहायच्या, स्टोव्हवर स्वयंपाक करायच्या. आमची आईही अशीच आली. वडील गावाकडं एकटे भाकरी थापायला शिकले.

त्या उन्हाळ्यात बहीण चांगली होती म्हणून वडिलांनी गोळी बंद केली होती. ऑगस्टमध्ये ती क्लासात, दोनशे पोरांच्या मधे पडली. क्लासच्या सरांनी वडिलांना बोलावून घेतलं. बोलले नीटच. पण शेवटी म्हणाले, “पोरगी हुशार आहे. पण पुन्हा असं झालं तर घरी न्या. बाकीची पोरं घाबरतात.”

गोळी परत सुरू झाली. आठवड्यानं पुन्हा एक झटका आला. वडील म्हणाले, गोळी लागू पडंना, उदगीरकडं कोणीतरी मुळी देतो, तिकडं नेतो. लातूरचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे थांबा, मग काय ते बोला. वडील कसेबसे थांबले. खरंच झटके थांबले. पण वडिलांच्या मनातून दसरा गेला नव्हता.

“दसरा निघू दे,” ते मला म्हणाले. “दसऱ्याला आला, तर तिला घेऊन जातो गावाला. मग बारावी नको, काय नको.”

बहिणीसमोरच म्हणाले. नंतर ती मला म्हणाली, “दादा, दसऱ्याला तर येतोच.”

नवरात्र बसलं तेव्हा मी नांदेडला होतो. दुसऱ्या माळेच्या दिवशी सकाळी फार्माकॉलॉजीचा तास होता. सर हिमायतनगरकडचे, साधे, पण शिकवताना कोणाला झोपू द्यायचे नाहीत. त्यांनी फळ्यावर पायऱ्यांसारखी चढत जाणारी रेघ काढली आणि विचारलं, “रोज एक गोळी खाल्ली, तर वर्षभरात अंगात तीनशे पासष्ट गोळ्या साठल्या पाहिजेत. माणूस मेला पाहिजे. मरत कामून नाही?”

मागून एक जण म्हणाला, “सर, परीक्षा आली की मरतो.”

सर हसले. मग म्हणाले, अंगात जेवढं औषध जास्त, तेवढं ते जास्त वेगानं बाहेर पडतं. अंगातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो, तो त्याचा अर्धायुकाल. रोज गोळी घेत राहिलं की पातळी चढत जाते, आणि एक दिवस असा येतो की जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. मग पातळी तिथंच थांबते. साधारण चार-पाच अर्धायुकालांत हे घडतं. गोळी मोठी असो की लहान, वेळ तेवढाच.

मला आमचा हौद दिसला. पुनर्वसनात मिळालेल्या घराच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, पहिल्याच वर्षी तळाला तडकलेला. आई रोज मोजून तेवढ्याच घागरी ओतायची. रिकाम्या हौदात सुरुवातीला पाणी भराभर चढायचं, मग हळू, मग एका हिरव्या रेघेवर येऊन थांबायचं. पाणी वर असलं की तड्यातून धार जोरात, खाली गेलं की बारीक. लग्नाला गावाला गेलो की परत येईपर्यंत हौद तळाशी.

सर पुढं म्हणाले, “आता फेनोबार्बिटोन घ्या. झटक्यांची गोळी. अर्धायुकाल अंदाजे चार दिवस. म्हणजे पूर्ण पातळी यायला किती?”

“तीन आठवडे,” पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“आणि बंद केली तर?”

सरांनी स्वतःच रेघ खाली उतरवली. चार दिवसांत निम्मी. आठ दिवसांत पाव. “नऊ-दहा दिवस बंद ठेवली तर पाव हिस्साही राहत नाही. आणि ही गोळी अशी एकदम सुटली की उलटते. ज्याला झटका यायचा नाही त्यालाही येईल.”

नऊ दिवस. मी फळ्याकडं बघत राहिलो. बहीण नवरात्रात आईसोबत उपवास करायची. नऊ दिवस धान्य नाही. आणि आमच्याकडं भाकरी पोटात नसली की पोट रिकामंच धरतात. गावातल्या डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, गोळी उपाशीपोटी देऊ नका.

तास संपायच्या आधी मी बाहेर पडलो आणि कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवरून लातूरला घरमालकिणीच्या फोनवर फोन लावला. तिनं आईला खाली बोलावलं.

“आई, ती गोळी घेऊन राहिली ना?”

“कोणची?”

“झटक्याची.”

“घेती की. घट उठल्यावर घेईल.”

“म्हणजे आता बंद हाय?”

“उपवास हाय न् लेकरा तिला. उपाशीपोटी देऊ नका म्हणून डॉक्टरच म्हणले होते.”

“आई, भगर खाती ना ती? दूध पिती ना? मग ते उपाशीपोट न्हाई. आज देऊन टाक.”

“अन् गोळी उपवासाला चालती का?”

मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, “घरमालकीण मावशीचा फोन हाय, ठेवते,” आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी लातूरला निघालो. अर्ध्या वाटेत गाडीचा पट्टा तुटला. त्या रस्त्याच्या कडेला बसून मी मनात एकच करत होतो, तिच्या अंगातला हौद मोजत होतो. दोन दिवस चुकले होते. साधारण तीस टक्के पाणी गेलं होतं. अजून बरंच शिल्लक होतं. पण आजही गेलं की आणखी.

दुपारी खोलीवर पोचलो. बहीण चटईवर फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली होती. कोपऱ्यात घट होता. मातीवर गहू-ज्वारीचे कोंब नुकते वर आले होते.

“दादा? कॉलेज सोडून आलास काय?”

मी तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याकडं बघितलं. झटका यायच्या आधी तो फडफडायचा. शांत होता.

मी बसून दोघींना हौदाचं सांगितलं. बहिणीला माझं बोलणं संपायच्या आधीच कळलं. ती माझ्याहून हुशार आहे, तेव्हाही होती.

“म्हणजे भूकंपाचं काही न्हाई?” ती म्हणाली.

“न्हाई. गोळी नऊ दिवस बंद राहती, म्हणून दसऱ्याला येतो.”

आई स्टोव्हजवळ बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या नवसानं?”

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. बोलली ती बहीणच. “नवसानं मी वाचले, आई. ते आधीचं हाय. तिला काढलं न्हाई, मला काढलं.” शेजारच्या मुलीबद्दल ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी एवढंच बोलली. मग माझ्याकडं वळली. “गोळीत काय काय असतं?”

मला हे नुकतंच शिकवलं होतं. मी मोठ्या हुरुपानं सांगायला लागलो की गोळीत औषध अगदी थोडं असतं, बाकी ती बांधून ठेवायला भर घालतात. साखरेसारखी एक भुकटी, थोडा मक्याचा स्टार्च...

“मका?” आई म्हणाली.

“अगं, कणभर.”

“कणभर भाकरी चालती का?”

“काही गोळ्यांत बटाट्याचापण असतो.”

“ह्या गोळीत कशाचा हाय?” बहिणीनं विचारलं.

“ठाऊक न्हाई.”

“मग राहू दे दादा. धान्य हाय म्हणल्यावर कसं घेऊ?” आणि थोड्या वेळानं ती आणखी अवघड बोलली. “न्हाई तर असं करू. गोळी घेते. पण मग भगर, साबुदाणा, शेंगदाणे सगळं सोडते. नुसत्या पाण्यावर राहते. देवीला एवढं तरी द्यायला पाहिजे.”

नुसत्या पाण्यावर, पहाटे पाचला उठून क्लास, अशी राहिली तर गोळी असूनही पडेल. मी तिला रागावलो. तीही रागावली. “तुझं गणित चुकलं तर? मग नवसही मोडला अन् झटकाही आला. बाबा तर घेऊन जाणारच.” ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती जिन्यात आणि आई आणि मी खोलीत, असंच राहिलो.

दिवेलागणीला आईनं तिला आत बोलावलं आणि घटाला माळ घातली. मग डब्यातलं पाकीट काढलं, एक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढली आणि विड्याच्या पानावर ठेवून घटासमोर मांडली. तिला हळद-कुंकू वाहिलं. आरती म्हटली, आम्ही टाळ्या वाजवल्या. आरती झाल्यावर आईनं ते पान उचललं आणि बहिणीसमोर धरलं.

“प्रसाद हाय. घे.”

“आई...”

“प्रसादाला न्हाई म्हणायचं नसतं. नवस मी बोलले होते, तू न्हाई. माझ्या नवसात काय चालतं ते मला कळतं.” मग आई माझ्याकडं बघून म्हणाली, “हळद लागली गोळीला. चालती का?”

“चालते,” मी म्हणालो.

बहिणीनं उजव्या हातावर प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि कपभर दुधाबरोबर गिळला. मग भगर खाल्ली.

सकाळी मी म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेलो. दोन गोळ्या चुकल्या आहेत, तर एकदम तीन देऊन पातळी भरून काढू का, असं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“लोडिंग डोस वाचून आलास वाटतं. तीन दिल्या तर पोरगी दिवसभर झोपंल. क्लासला जायचंय का खाटेवर पडायचंय तिला? जेवढी रोज तेवढीच. आपोआप भरंल.”

“दसऱ्यापर्यंत भरेल का, सर?”

“बरीचशी. पूर्ण न्हाई.”

“मग दसऱ्याला?”

“ते मला विचारू नको. मी ज्योतिषी न्हाई. गोळी चुकवू नका, झोप चुकवू नका.”

बरीचशी, पूर्ण नाही. हे शब्द घेऊन मी पुढचे दिवस लातूरला काढले. रोज संध्याकाळी पानावर गोळी, हळद-कुंकू, आरती, दूध. मनात मी उणीव मोजायचो. तीस टक्क्यांची उणीव चार दिवसांत पंधरावर येते, पुढच्या चारांत सातवर. ती शून्य कधीच होत नाही, फक्त लहान होत जाते. पुस्तकात हे वाचताना काही वाटत नाही. समोर बहीण बसली असताना ते उरलेले सात टक्के लई मोठे दिसायचे.

एकदा ती सूत्रं पाठ करत बसली होती आणि तिचा डावा अंगठा हलला. मी उठलो, आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

“ताल धरून राहिले मी,” बहीण वैतागून म्हणाली. “आता बोटही हलवू नको का?”

खंडेनवमीला वडील आले. खांद्यावर दोन रिकामी पोती आणि सुताच्या दोरीचं वेटोळं. त्यांनी ते दाराजवळ ठेवलं. बहिणीनं बघितलं आणि नजर पुस्तकात घातली.

मी वडिलांना बाहेर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“तू शिकलेला हायस. खरं असंल,” ते म्हणाले. “पण मी काही वाईट करून न्हाई राहिलो. दोनशे पोरांत ती पडली. तिचे कपडे खराब झाले, पोरं वाकून बघत होते, असं तिनंच सांगितलं मला रडत. पुन्हा कोणी तसं बघावं असं वाटंना.”

वडिलांच्या हट्टाला मी तोवर अडाणीपणा समजत होतो. त्यानंतर समजलो नाही.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासात पेपर हाय तिचा,” मी म्हणालो. “तो होऊ द्या.”

“पेपरापर्यंत थांबतो,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आईनं पान घटासमोर ठेवलं तेव्हा वडिलांनी गोळी बघितली. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि वाकून पाया पडले. देवीच्या पडले की गोळीच्या, मी विचारलं नाही.

दसऱ्याला घट उठला. हाताएवढे वाढलेले पिवळट कोंब आईनं खुडून देवीला वाहिले. मग वडिलांच्या टोपीत खोचले, माझ्या कानावर ठेवले, बहिणीच्या वेणीत माळले. पुरणपोळी झाली. संध्याकाळी घरमालकिणीच्या घरी आपट्याची पानं देऊन आलो. दर वर्षी याच वेळेला, सोनं वाटताना किंवा वाटून आल्यावर, ती पडायची. आम्ही तिघंही बोलत होतो सोयाबीनबद्दल आणि बघत होतो तिच्या हाताकडं. ती दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसली. आम्हाला दिसू नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

त्या रात्री वडील दारात आडवे झाले. झोपले असं वाटलं नाही.

सकाळी आम्ही तिला क्लासला सोडलं. बाहेर रस्त्याच्या पलीकडं, पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचा बोर्ड होता, त्याच्या सावलीत वडील आणि मी उभे राहिलो. वडील अडखळत फोटोंखालची गावं वाचत होते. “हे उदगीरचं हाय. हे अर्धापूरचं. केळीवाल्यांचं असंल.” मधेच क्लासच्या दारातून एक पोरगी पळत बाहेर आली. वडिलांनी माझं मनगट धरलं. ती समोरच्या दुकानातून रिफिल घेऊन परत पळत गेली. वडिलांनी मनगट सोडलं नाही.

पेपर सुटला. पोरांचा लोंढा निघाला, सायकली निघाल्या, गर्दी पांगली. ती दिसेना. वडील रस्ता ओलांडून दाराकडं चालायला लागले, तेवढ्यात ती एका मैत्रिणीशी बोलत बाहेर आली. वेणीत कालचे कोंब सुकले होते.

“दोन गणितं राहिली,” ती म्हणाली. “वेळच पुरला न्हाई.”

“कामून?” वडिलांनी विचारलं.

“घरी तिघं जण अंगठा बघत बसलात. अभ्यास कधी करू?”

तिच्या हातातली पिशवी वडिलांनी घेतली आणि पुढं चालायला लागले.

नंतर तिला झटका आलाच नाही असं नाही. बारावीत एकदा तापात आला. औषध म्हणजे हौदच, तडा बुजत नाही, पाणी ओतत राहावं लागतं. पण दसऱ्याचा झटका पुन्हा आला नाही. आणि आई दर नवरात्रात घटासमोर पान मांडत राहिली.

पेपराच्या त्या दिवशी दुपारी वडील गावाला निघाले. पोती त्यांनी घडी करून काखेत घेतली. दोरी मात्र नेली नाही. स्टुलावर चढून त्यांनी ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधली, गाठ ओढून बघितली आणि आईला म्हणाले, “पावसाळ्यात कपडे कुठं वाळवता? ह्याच्यावर टाका.” उतरता उतरता त्यांनी विचारलं, “दिवाळीला कोणचा उपवास न्हाई न् तिला?”

“न्हाई,” आई म्हणाली.

“बरं,” म्हणून त्यांनी चपला घातल्या.